दुखत नसतां तपासणी कां करावी?

‘ज्याचें दुखतें त्यानें दवाखान्यांत जावें, ज्याचें कांहींच दुखत नाहीं त्यानें कशास जावें?’ हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वारंवार ऐकूं येतो, आणि तो विचारणारे लोक मूर्ख नसतात. दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणें, एस. टी. चें भाडें, घरीं लेकरांना पाहणारें कोणी नसणें, आणि तेथें गेल्यावर नंबर लागेपर्यंत ताटकळत बसणें. इतकें सोसून ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं’ एवढेंच ऐकून परत यावयाचें असेल, तर माणूस दुसऱ्यांदा जात नाहीं. म्हणून ह्या पाठांत नुसता उपदेश न करितां, ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या एका मोठ्या प्रयोगानें दिलें त्याची हकीकत आम्ही सांगणार आहों. तो प्रयोग विलायतेंत झाला नाहीं, कीं मुंबईच्या श्रीमंत वस्तींतही झाला नाहीं. तो आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, शेतांत खुरपणाऱ्या बायकांमध्यें झाला. आणि ज्यांनीं त्यांत भाग घेतला त्यांपैकीं पुष्कळजणी आज आपल्या शेजारीं आजी म्हणून नांदत आहेत.

प्रथम रोगाविषयीं थोडेंसें. स्त्रीच्या गर्भाशयाचें जें तोंड असतें, त्यास होणारा कर्करोग हा आपल्या देशांतील स्त्रियांचा एक मोठा वैरी आहे. हा रोग एका रात्रींत येत नाहीं. एच. पी. व्ही. नांवाचा एक अतिसूक्ष्म विषाणू आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं व त्यानें ताप येत नाहीं. बहुतेक सर्व स्त्रीपुरुषांस तो आयुष्यांत केव्हांतरी लागतो, आणि बहुतेकांच्या शरीरांतून एकदोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. परंतु थोड्या स्त्रियांच्या शरीरांत तो ठाण मांडून राहतो. तेथें गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलूं लागतात. ह्या बदलाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षें लागतात. ह्या विषाणूचा व ह्या रोगाचा संबंध हाराल्ड त्सूर हाउझेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिला, व त्याबद्दल २००८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां वाचकांनीं ह्या दहावीस वर्षांचा विचार करावा. हा सारा काळ त्या बाईचें कांहींही दुखत नाहीं. ती रानांत जाते, भाकरी थापते, डोईवर जळण आणते, लेकींचीं बाळंतपणें करते. जेव्हां दुखूं लागतें, दुर्गंधी पाणी जाऊं लागतें, पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हां रक्त दिसूं लागतें, तेव्हां बहुतेक वेळां तो रोग आपल्या जागेबाहेर पसरलेला असतो. म्हणजे ज्या काळांत उपाय सोपा असतो त्या काळांत दुखणें नसतें, आणि दुखणें येतें तेव्हां उपाय कठीण झालेला असतो. ‘दुखलें कीं जाऊं’ हा आमचा नियम कांटा मोडल्यास किंवा पोट बिघडल्यास पुरेसा आहे. पण अशा रोगास तो मुळींच लागू पडत नाहीं.

बार्शी येथें नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, हें आपल्या भागांतील लोकांस ठाऊक आहेच. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत, परंतु परंडा व भूम ह्या तालुक्यांचा तिच्याशीं रोजचा व्यवहार. १९८७ सालीं ह्या रुग्णालयांत मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या साह्यानें एक नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम ह्या तीन तालुक्यांतील खेड्यांत कोणास कर्करोग झाला, तो कोणत्या पायरीवर सांपडला, पुढें तो माणूस जगला कीं नाहीं, ह्याची ही वही. भारतांत खेड्यांतील लोकांची अशी नोंदणी ही पहिलीच होय. नोंदणीचे कार्यकर्ते वर्षांतून ठराविक वेळां गांवोगांव फिरत. रुग्णालयांत बसून रुग्ण येण्याची वाट पाहिली तर खेड्यांतील निम्मे रुग्ण कधीं दिसणारच नाहींत, हें त्यांनीं ओळखलें होतें. ते चावडीवर, पारावर, घराच्या ओसरीवर बसून लोकांस रोगाचीं लक्षणें सांगत आणि ज्यांस तसें कांहीं वाटे त्यांस तपासणीसाठीं बार्शीस येण्याचा आग्रह करीत.

ह्या बोलण्याचा परिणाम काय झाला तें आमच्या उपदेशक बंधूंनीं नीट लक्षांत घ्यावें. थोड्याच वर्षांत असें आढळून आलें कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया रुग्णालयांत येत, त्यांत लवकरच्या पायरीवर येणाऱ्यांचें प्रमाण पूर्वीपेक्षां बरेंच वाढलें होतें. नवें यंत्र आलें नव्हतें, नवें औषध निघालें नव्हतें. माणसानें माणसाशीं बोलण्यानें एवढें घडलें. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने व त्यांचे सहकारी ह्यांनीं हें १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. गांवोगांव जाऊन लोकांच्या ओसरीवर बसण्याचें काम आमचे उपदेशक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. तेव्हां हें साधन त्यांच्या हातीं आधींपासूनच आहे, असें आम्हांस वाटतें.

ह्या पायावर पुढचा प्रयोग उभा राहिला. ऑक्टोबर १९९९ मध्यें टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचें रुग्णालय व फ्रान्स देशांतील ल्याँ शहरीं असलेली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था ह्यांनीं मिळून उस्मानाबाद जिल्ह्यांत एक मोठें काम हातीं घेतलें. डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन्, डॉ. भगवान नेने, डॉ. केटायून दिनशॉ, डॉ. सुरेंद्र शास्त्री हीं त्यांतील कांहीं प्रमुख नांवें. तीस ते एकुणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. ‘निरोगी’ हा शब्द वाचकांनीं विसरूं नये. ह्यांपैकीं कोणीही आजारी म्हणून आली नव्हती, आणि अशी तपासणी पूर्वीं जवळजवळ कोणाचीच झालेली नव्हती.

जिल्ह्यांतील खेड्यांचे ५२ गट पाडण्यांत आले, आणि कोणत्या गटास कोणती तपासणी द्यावयाची हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें ठरविण्यांत आलें. एका भागांतील ३४,१२६ स्त्रियांसाठीं विषाणूची म्हणजे एच. पी. व्ही. ची तपासणी ठरली. दुसऱ्या भागांत ३२,०५८ स्त्रियांसाठीं गर्भाशयमुखावरील पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची जुनी रीत, जिला पॅप तपासणी म्हणतात. तिसऱ्या भागांत ३४,०७४ स्त्रियांसाठीं सौम्य आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्याच्या जातीचें पाणी, लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची रीत. त्यानें बिघडलेला भाग पांढरट दिसतो. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांस रोगाची माहिती व तपासणी कोठें मिळते तें सांगण्यांत आलें, परंतु मुद्दाम तपासणी करण्यांत आली नाहीं. त्यांची व्यवस्था जशी चालत होती तशीच चालूं दिली.

तपासणीचें काम शिकविलेल्या परिचारिकांनीं केलें. मोठा डॉक्टर प्रत्येक खेड्यांत येणें शक्य नाहीं, हें आपण जाणतोंच. तो न येतांही काम होतें, हें येथें दिसून आलें. विषाणूच्या तपासणीसाठीं बोलाविलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ऐंशी स्वतः चालत आल्या. आमच्या बायका लाजेमुळें येणार नाहींत, असें जे नेहमीं म्हणतात त्यांनीं हा आंकडा लिहून ठेवावा. बाईनें बाईस तपासलें, आडोसा नीट केला, आधीं समजावून सांगितलें, तर पांचांतल्या चौघी येतात. ज्यांच्या तपासणींत शंका आली त्यांस पुन्हां बारकाईनें पाहण्यांत आलें, आणि जेथें बिघाड आढळला तेथें उपचार करण्यांत आले. कर्करोग होण्यापूर्वींचा बिघाड असेल तर तो भाग गोठवून किंवा तेवढाच तुकडा काढून टाकून काम भागतें. पोट उघडावें लागत नाहीं, पिशवी काढावी लागत नाहीं.

मग आठ वर्षें ह्या सर्व स्त्रियांवर नजर ठेवण्यांत आली. कोणास रोग झाला, कोणाचा मृत्यु झाला, ह्याची नोंद झाली. हा निकाल एप्रिल २००९ मध्यें अमेरिकेंतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ह्या वैद्यकीय पत्रांत छापून आला व जगभर वाचला गेला. ज्या भागांत तपासणी झाली नव्हती, तेथें ह्या रोगानें ६४ स्त्रिया मरण पावल्या. ज्या भागांत विषाणूची तपासणी झाली, तेथें ३४. तपासलेल्या भागांतील स्त्रियांची संख्या अधिक असून मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. पसरलेल्या अवस्थेंत सांपडलेले रोगी पाहिले तर विना-तपासणीच्या भागांत ८२, आणि विषाणू-तपासणीच्या भागांत ३९. हें सर्व आयुष्यांतून एकदांच केलेल्या तपासणीनें घडलें. आणि ज्या हजारों स्त्रियांच्या तपासणींत विषाणू आढळला नव्हता, त्यांपैकीं एकही ह्या आठ वर्षांत ह्या रोगानें दगावली नाहीं. ‘कांहीं झालेलें नाहीं’ हें उत्तर घेऊन रिकाम्या हातीं परत आलेली बाई रिकाम्या हातीं आलेली नव्हती. पुढील कित्येक वर्षांची निश्चिंती ती पदरीं बांधून घेऊन आली होती.

निम्म्यावर आलेल्या मृत्यूंचा अर्थ आंकड्यांनीं पुरता कळत नाहीं. ह्या रोगानें मरणारी स्त्री बहुधा चाळीस-पन्नाशीच्या घरांत असते. धाकटा मुलगा शाळेंत, थोरलीचें लग्न ठरावयाचें, सासू अंथरुणावर. अशी बाई गेली म्हणजे घरचा कणाच मोडतो, आणि मागें राहिलेली थोरली मुलगी शाळा सोडून चुलीपाशीं बसते. आमच्या मंडळ्यांतून अशीं घरें दाखवून देणें कठीण नाहीं.

खरें तें सर्व सांगावें म्हणून आणखी दोन गोष्टी लिहितों. पहिली ही कीं, तिन्ही रीतींचें फळ सारखें आलें नाहीं. पॅप तपासणीच्या भागांत ५४ व आम्ल लावून पाहण्याच्या भागांत ५६ मृत्यु झाले. विना-तपासणीच्या भागापेक्षां हे कमी खरे, पण तो फरक खात्रीनें सांगण्याजोगा ठरला नाहीं. ह्यावरून आम्लाची तपासणी निरुपयोगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. टाटा मेमोरियल केंद्रानेंच मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांपैकीं निम्म्यांमध्यें ती तपासणी दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां, शिकविलेल्या आरोग्यसेविकांकडून करविली, आणि तेथें ह्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी झाले. एकदांच केलेल्या नजरेच्या तपासणींतून सुटलेला बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या फेरींत सांपडतो. म्हणून जवळच्या सरकारी केंद्रांत जी तपासणी मिळते ती घ्यावी, आणि नजरेची असेल तर ती पुन्हां पुन्हां घ्यावी.

दुसरी गोष्ट कांहींशी कडू आहे. चौथ्या भागांतील स्त्रियांस तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें कांहीं डॉक्टरांनीं जोरानें घेतला. त्या काळीं देशांतील खेड्यांत अशी तपासणी कोठेंच होत नव्हती, असें उत्तर देण्यांत येतें. आमचें मत विचाराल तर आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्याहून मोठा अन्याय हा कीं, त्या चौसष्ट स्त्रियांच्या मरणानें जें ज्ञान मिळालें तें ज्या जिल्ह्यांत मिळालें, त्याच जिल्ह्यांतील आमच्या बायका आजही तपासणीवांचून राहतात.

आतां ‘दरवर्षीं’ ह्या शब्दाकडे वळूं. शहरांत हल्लीं ‘संपूर्ण शरीराची वार्षिक तपासणी’ अशा मोठमोठ्या जाहिराती लागतात. रक्ताच्या पन्नाससाठ तपासण्या एका किंमतींत. आमचे नोकरीवर गेलेले मुलगे मायबापांस तेथें घेऊन जातात, हें प्रेमाचें लक्षण आहे. परंतु पाश्चात्य देशांत अशा सरसकट तपासण्यांचे जे प्रयोग झाले त्यांचा डेन्मार्कमधील संशोधकांनीं २०१२ सालीं व पुन्हां २०१९ सालीं एकत्र विचार केला, तेव्हां त्यांनीं मृत्यु कमी होतात असें दिसून आलें नाहीं. सर्वच तपासण्या दरवर्षीं करणें म्हणजे सर्व शेतास एकाच मापानें पाणी देण्यासारखें आहे. कोणत्या पिकास किती पाळ्या द्याव्या हें शेतकऱ्यास कळतें. तसेंच हेंही आहे.

सरकारच्या आरोग्य खात्याची रीत ह्या बाबतींत शहाणपणाची आहे. वयाचीं तीस वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब व रक्तांतील साखर वर्षांतून एकदां पाहावी. गर्भाशयमुख, स्तन व तोंड ह्यांची कर्करोगासाठीं तपासणी दर पांच वर्षांनीं करावी. विषाणूची तपासणी मिळाली तर ती पांच ते दहा वर्षांनीं एकदां पुरते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र ज्या स्त्रियांस एच. आय. व्ही. आहे त्यांनीं पंचविसाव्या वर्षापासूनच व अधिक वेळां करावी. ही सेवा उपकेंद्रांत, म्हणजे ज्यांस आतां आयुष्मान आरोग्य मंदिर हें नांव दिलें आहे तेथें, व प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळण्याची योजना आहे. कोणत्या वारीं कोणती तपासणी होते हें गांवच्या आशाताईंस आधीं विचारून जावें, म्हणजे हेलपाटा पडत नाहीं.

रक्तदाब हा तर पक्का मुका चोर. डोकें दुखलें तरच रक्तदाब वाढला, असा जो समज आहे तो खोटा; कित्येकांस पक्षाघाताचा झटका येऊन तोंड वाकडें होईपर्यंत कांहींही कळत नाहीं. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक, असें निरनिराळ्या दिवशीं आढळलें तर औषध सुरू करावें लागतें. आणि येथें आमचे लोक एक मोठी चूक करितात. महिनाभर गोळ्या घेतल्या, आंकडा खालीं आला, म्हणून बरें झालें असें समजून गोळ्या बंद. गोळीनें आंकडा खालीं ठेवला आहे. गोळी गेली कीं तो पुन्हां वर येणार. जेवतांना ताटांत वरून मीठ घेणें, खारी चटणी, लोणचें हीं कमी करावीं. मधुमेहाविषयींही हेंच. पूर्वीं तो श्रीमंतांचा रोग म्हणत. आतां तो ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांच्या घरींही शिरला आहे.

तोंडाच्या तपासणीविषयीं आमच्या भगिनींस मुद्दाम सांगावयाचें आहे. पुरुषांच्या गुटख्याविषयीं सर्वजण बोलतात, आणि राज्यांत त्याच्या विक्रीस २०१२ पासून बंदी असूनही तो कोणत्या टपरीवर मिळतो हें शाळेंतील पोरांसही ठाऊक असतें. पण सकाळसंध्याकाळ मिश्री लावणारी बाई आपण तंबाखू खातों असें मानीतच नाहीं. ‘मी फक्त दांत घासतें’ असें ती म्हणते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडांत तिखट झोंबूं लागलें, गालाच्या आंत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पुरेसें उघडेना, किंवा तोंडांतील जखम दोन आठवड्यांत भरून आली नाहीं, तर वाट पाहूं नये. हें पाहावयास आरसा व उजेड पुरतो.

आतां ज्या कारणामुळें पुष्कळ घरांत ही गोष्ट अडते त्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. एच. पी. व्ही. हा विषाणू वैवाहिक संबंधांतून पसरतो, एवढें अर्धवट ऐकून नवरा बायकोच्या वर्तनाविषयीं, किंवा बायको नवऱ्याविषयीं, संशय घेऊं लागते. हा संशय निराधार आहे. विषाणू शरीरांत कित्येक वर्षें निजून राहूं शकतो. तो केव्हां व कोणाकडून आला हें कोणतीही तपासणी सांगूं शकत नाहीं. उस्मानाबादच्या प्रयोगांत दर दहा स्त्रियांत सुमारें एकीच्या ठायीं तो आढळला, आणि त्यांतील बहुतेकींस कर्करोग नव्हता व पूर्वींचा गंभीर बिघाडही नव्हता. तेव्हां ‘विषाणू आढळला’ ह्याचा अर्थ ‘आणखी बारकाईनें पाहूं या’ एवढाच. पाळक किंवा उपदेशक ह्यांच्यासमोर असा तंटा आला तर ही गोष्ट शांतपणें सांगावी, आणि ती शक्यतों नवराबायको दोघांस एकत्र बसवून सांगावी.

ह्याच्या उलट टोंकाचें एक संकट आपल्या भागांत आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या बायकांच्या अंगावरून पांढरें जातें, कंबर दुखते, पाळींत अंगावर फार जातें. त्या खासगी दवाखान्यांत जातात, आणि ‘पिशवी काढा, नाहीं तर कॅन्सर होईल’ असें भय घालून त्यांची गर्भाशयाची पिशवी काढली जाते. हंगामांत पाळीमुळें खाडा पडूं नये म्हणून कित्येकजणी स्वतःही तयार होतात. शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढें जी पाहणी आली, तींत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. पांढरें जाणें म्हणजे कर्करोग नव्हे. बहुधा तो साधा संसर्ग असून गोळ्यांनीं बरा होतो. कर्करोगाचें नांव घेऊन कोणी शस्त्रक्रिया सांगितली, तर ‘तपासणीचा कागद दाखवा’ असें म्हणण्याचा प्रत्येक बाईस हक्क आहे. तो कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयांत, जिल्हा रुग्णालयांत किंवा बार्शीस दुसरें मत घ्यावें. वेळच्या वेळीं तपासणी झालेल्या बाईस असें भय घालतां येत नाहीं, हाही तपासणीचा एक लाभ आहे, व तो आम्हांस लहान वाटत नाहीं.

आमच्यांतील कांहीं भाविक लोक म्हणतात, ‘प्रार्थना करणाऱ्यास तपासणी कशाला? तो अविश्वास होय.’ त्यांच्या भक्तीचा आम्ही मान राखतों. परंतु हेच लोक पेरणीपूर्वीं बियाणें पाखडून पाहतात, आणि विहिरींत उतरण्यापूर्वीं दोर तपासतात. मिशनच्या पूर्वजांनीं उपासना-मंदिराशेजारींच दवाखाने कां बांधले, हेंही त्यांनीं विचारावें. डॉ. वानलेस ह्यांचें मिरजेचें रुग्णालय १८९४ सालचें. आणि आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतच, जामखेड येथें, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं जो प्रकल्प उभारला त्यांत तर अक्षरशत्रू, गरीब, कित्येकदां अस्पृश्य मानलेल्या बायकाच गांवच्या आरोग्यसेविका झाल्या. घरोघर जाऊन गरोदर बाईस व लहान मुलास आजारी पडण्यापूर्वींच पाहणें, हें त्यांचें काम. त्या कार्याबद्दल ह्या दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक देण्यांत आलें.

मुलींविषयीं थोडक्यांत. ह्या विषाणूवर आतां लस आहे, व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेंही ती तयार केली आहे. विवाहापूर्वीं, कोंवळ्या वयांत ती देणें उत्तम. येथेंही आपल्या भागाचा संबंध येतो. २००९ सालीं भारतांत निरनिराळ्या ठिकाणीं मुलींस ह्या लसीच्या दोन कीं तीन मात्रा द्याव्या ह्याचा अभ्यास सुरू झाला; बार्शी हें त्यांतील एक केंद्र होतें. २०१० सालीं सरकारनें असे अभ्यास थांबविले, आणि पुष्कळ मुलींस एकच मात्रा मिळून राहिली. पुढें वर्षानुवर्षें त्यांची पाहणी केल्यावर एका मात्रेनेंही उत्तम संरक्षण मिळतें असें आढळलें, व अशा पुराव्यांच्या आधारें २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एका मात्रेस मान्यता दिली. लस टोंचलेल्या मुलीनेंही पुढें तिशीनंतर तपासणी करावीच, कारण लस सर्व जातींच्या विषाणूंवर चालत नाहीं.

आतां उपदेशकांनीं व भगिनीमंडळाच्या चालकांनीं काय करावें? मोठी सभा घेऊन व्याख्यान देण्यापेक्षां तीस वर्षांवरील स्त्रियांची यादी करून एकेकीच्या घरीं जाणें बरें. ‘मावशी, तपासणीस चला’ म्हटलें कीं ‘मला काय झालंय रं बाबा?’ हें उत्तर येणारच. अशा वेळीं वाद घालूं नये. आधीं जाऊन आलेल्या एखाद्या बाईस बरोबर न्यावें व तिलाच बोलूं द्यावें. चारपांच जणींनीं मिळून एकाच दिवशीं जावें, म्हणजे लाज वाटत नाहीं आणि गाडीभाडेंही वांटलें जातें. पाळीच्या दिवसांत ही तपासणी करीत नाहींत, तेव्हां दिवस त्याप्रमाणें ठरवावा. घरच्या पुरुषांनीं त्या दिवशीं लेकरें व जनावरें सांभाळावीं. हें काम कमीपणाचें नाहीं.

काळाचाही विचार हवा. कळंब, वाशी, भूम, परंडा ह्या बाजूचीं कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, तीं उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहींत. त्यांच्यासाठीं दिवाळीनंतर शिबीर ठेवून उपयोग नाहीं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच्या दिवसांत, पेरणीखुरपणीची गर्दी ओसरल्यावर, त्यांची तपासणी उरकावी, म्हणजे कांहीं आढळलें तर निघण्यापूर्वीं उपचारास वेळ राहतो. कर्करोग निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेंतून उपचार मिळूं शकतात. त्यासाठीं रेशनकार्ड व आधारकार्ड ह्यांवरील नांवें जुळतात कीं नाहीं, हें आधींच पाहून घ्यावें, कारण एका अक्षराच्या फरकासाठीं आजारी बाईस तालुक्याच्या खेपा घालाव्या लागल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

तपासणीचा जो कागद मिळेल तो बाईच्याच हातीं द्यावा. निकाल मंडळींत मोठ्यानें वाचूं नये, आणि ‘अमकीच्या तपासणींत कांहीं निघालें आहे, तिच्यासाठीं प्रार्थना करा’ असें तिची परवानगी घेतल्यावांचून कोणीही उठून सांगूं नये. ज्या गांवीं असें एकदां घडतें, तेथें पुढच्या खेपेस यादींतील निम्म्या बायका घरीं सांपडत नाहींत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून रेशनकार्डाबरोबर पेटींत ठेवावा, व पुढील तपासणी कोणत्या सालीं करावयाची तें त्याच्या पाठीवर नर्सबाईकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावें.